झंस्कारच्या शिक्षकाचा पहिला हिंवाळा

पौष महिन्यांत पहांटे उठून अंगावर शाल घ्यावी लागली, म्हणजे आपण पुण्या-नाशिकाकडील मंडळी ‘यंदा थंडी फार’ असें म्हणतों, आणि चुलीवरच्या चहाच्या आधणाकडे पाहत हातावर हात चोळतों. आज ज्या हिंवाळ्याविषयीं मी बोलणार आहें, त्याची जात अगदीं निराळी. त्या हिंवाळ्यांत रस्ता नाहींसा होतो, नदी गोठून तिचाच रस्ता बनतो, आणि गांवांत नव्यानें आलेला शिक्षक, ज्याला शिकविण्याबद्दल पगार मिळतो, तोच गांवांत सर्वांत अडाणी ठरतो.

मीं स्वतः अडतीस वर्षें प्राथमिक शाळेंत शिकविलें. जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा आणि पुढें अध्यापनाचा दाखला, एवढीच माझी विद्या. तेव्हां भूगोलाचा पंडित म्हणून मी येथें बसलेलों नाहीं. निवृत्तीनंतर एका उन्हाळ्यांत लडाखमधील झंस्कार या खोऱ्यांत तीन आठवडे राहण्याचा योग आला. तेथें एका तरुण शिक्षकांच्या बिऱ्हाडीं माझा मुक्काम होता. ते मूळचे जम्मूकडील सखल प्रदेशांतले. नेमणुकीचा हुकूम हातांत घेऊन ते झंस्कारांत आले, त्याला तेव्हां थोडींच वर्षें झालीं होतीं. आपल्या पहिल्या हिंवाळ्याची हकीकत त्यांनीं मला चार-पांच रात्रीं बसून सांगितली. त्यांचें वा त्यांच्या गांवाचें नांव मी घेत नाहीं. तशी त्यांची अटच होती. ती हकीकत, आणि ती नीट समजण्यास लागणारी थोडी माहिती, आज आपणांपुढें ठेवतों.

झंस्कार कोठें आहे, हें प्रथम पाहूं. हिमालयाची मुख्य रांग ओलांडून उत्तरेस गेलें म्हणजे लडाख लागतें. त्याच्या दक्षिण अंगास, मुख्य हिमालय आणि झंस्कार पर्वत या दोन रांगांच्या मधल्या खोबणींत हें खोरें आहे. पदुम हें तेथील मुख्य गांव समुद्रसपाटीपासून सुमारें १२,००० फूट उंचीवर आहे. आपलें कळसूबाईचें शिखर एकावर एक असें दोनदां ठेवलें, तरी तें पदुमच्या अंगणापर्यंत पोंचणार नाहीं. दोडा आणि त्सारप या दोन नद्या पदुमजवळ एकत्र येतात, त्यांची झंस्कार नदी होते, आणि ती अरुंद घळींतून वाट काढीत उत्तरेकडे जाऊन निम्मूपाशीं सिंधूस मिळते. २०११ च्या खानेसुमारींत या साऱ्या मुलखाची वस्ती १४ हजारांच्या आंतबाहेर भरली. म्हणजे आपल्याकडील एखाद्या बाजारपेठेच्या गांवाएवढीं माणसें एका विस्तीर्ण खोऱ्यांत विखुरलेलीं. बहुतेक लोक बौद्ध आहेत. पदुममध्यें कांहीं मुसलमान घराणींहि पिढ्यान् पिढ्या राहत आलीं आहेत.

आतां हा मुलूख हिंवाळ्यांत जगापासून तुटतो कां? आपले मोसमी वारे मुख्य हिमालयापाशीं अडतात. त्यामुळें तेथें पावसाळा जवळ जवळ नाहींच. परंतु हिंवाळ्यांत पश्चिमेकडून येणारे जे वारे पंजाबच्या गव्हाला पाऊस देतात, तेच या उंचीवर बर्फ टाकतात. कारगिलहून पदुमला जाणारा सुमारें २३० किलोमीटरांचा रस्ता १९८० च्या सुमारास मोटारींस खुला झाला. पण तो सुमारें १४,४०० फूट उंचीच्या पेन्सी-ला या खिंडींतून जातो. ‘ला’ म्हणजे खिंड. हिंवाळ्याच्या तोंडीं ही खिंड बर्फानें बुजली, कीं पुढें कित्येक महिने त्या वाटेनें मोटार येत नाहीं. पूर्वीं तर वर्षांतील सहा-सात महिने असेच जात.

आमचे शिक्षक ऑगस्ट महिन्यांत रुजू झाले. तेव्हां शेतें हिरवीं होतीं, ऊन लख्ख होतें, आणि पत्रानें घरीं कळविण्याजोगें सर्व कांहीं छान होतें. सप्टेंबरांत जवाची कापणी झाली. त्यानंतर प्रत्येक घराच्या धाब्यावर चाऱ्याच्या पेंढ्या आणि वाळलेल्या शेणाच्या राशी चढूं लागल्या. सलगम, पालेभाजी, दुधाची चोथरट पनीर, सर्व कांहीं उन्हांत वाळत पडलें. गुरुजींना वाटलें, काय ही अव्यवस्था! त्यांनीं आपल्यापुरती बेगमी केली ती शहरी पद्धतीची : तांदूळ, डाळ, मेणबत्त्या, थोडें रॉकेल. पैसे हातीं होते. जें संपेल तें विकत घेऊं, असा हिशेब.

हा हिशेब कोठें चुकला, हें थंडीनें दाखविलें. त्या उंचीवर रानांत झाडें उगवत नाहींत. माणसांनीं पाटाच्या कडेस लावलेलीं वाळुंज आणि पॉप्लर यांचीं झाडें घराच्या तुळयांसाठीं राखून ठेवतात; तीं जाळणें म्हणजे घर जाळण्यासारखेंच. म्हणून जळण म्हणजे याक, झो आणि शेळ्यामेंढ्या यांचें शेण. झो हें याक आणि गाय यांच्या संकराचें जनावर. उन्हाळ्यांत बायका उंचावरील कुरणांत जनावरांसह महिनोन् महिने राहतात. तेथें लोणी काढतात, पनीर वाळवितात आणि शेण गोळा करून सुकवितात. म्हणजे जानेवारींतली ऊब ही जुलैंतली मेहनत असते. ती दुकानांत मिळत नाहीं. ज्याच्या घरचें कोणी उन्हाळ्यांत कुरणावर गेलेलें नाहीं, त्याला हिंवाळ्यांत विस्तव नाहीं. गुरुजींच्या घरचें कोण जाणार?

लडाखमधील शाळांना साधारणतः डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या अखेरपर्यंत सुट्टी असते. आपण मुलांना उन्हाळ्याची सुट्टी देतों, ते हिंवाळ्याची देतात. कारण वर्गांत बोटें आखडतात आणि शाळेची खोली तापविण्याइतकें जळण कोणापाशींच नसतें. बाहेरगांवचे इतर दोन शिक्षक खिंड बंद होण्यापूर्वीं आपापल्या घरीं निघून गेले. त्यांना दोष देण्याचें कारण नाहीं. घरीं म्हातारे आईबाप असतात, लेंकरें असतात. आमचे शिक्षक मात्र राहिले. दहावीच्या वर्गांत नऊ मुलें होतीं. सुट्टींत त्यांची शिकवणी घेईन, असा शब्द त्यांनीं दिला होता. तो शब्द देतांना हिंवाळा म्हणजे काय, हें त्यांना ठाऊक नव्हतें, असें ते स्वतःच हंसत हंसत म्हणाले.

पहिल्या आठवड्यांत त्यांना कळलें, कीं शाळेंत आपण जीं शास्त्राचीं वाक्यें पाठ करवितों, तीं अक्षरशः खरीं असतात. १२,००० फुटांवर हवेचा दाब समुद्रकांठच्या दाबाच्या सुमारें दोन-तृतीयांशच राहतो. प्रत्येक श्वासांत प्राणवायु तितकाच कमी. दोन घागरी उचलून चढ चढला, कीं छाती भात्यासारखी हालूं लागते. रात्रीं झोंप मध्येंच तुटते. पाणी १०० अंशांवर उकळण्याऐवजीं सुमारें ८८ अंशांवरच उकळतें. पाणी खळखळत असतें, पण डाळ शिजत नाहीं. तासाभरानेंहि दाणा दांताखालीं कचकच वाजतो. प्रेशर कुकर हा तेथें चैनीचा जिन्नस नव्हे. रात्रीं पारा शून्याखालीं वीस-पंचवीस अंश उतरला, कीं घागरींतल्या पाण्याचा दगड होतो, टांकाची शाई धरते, ओला टॉवेल फळीसारखा उभा राहतो. सकाळीं ओढ्यावर जाऊन कुऱ्हाडीनें बर्फ फोडून खालचें वाहतें पाणी काढावयाचें. घरीं येईपर्यंत घागरीच्या कांठावर पुन्हां पापुद्रा.

आठव्या दिवशीं गुरुजींजवळचें जळण संपलें. त्यांनीं तें कोणास सांगितलें नाहीं. मास्तरानें मागावयाचें कसें? पण लहान गांवांत धुराड्यांतून धूर येत नाहीं ही गोष्ट लपत नाहीं. संध्याकाळीं समोरच्या घरांतला एक नातू दारांत येऊन उभा राहिला. ‘सर-ले, अबी-लेनें अंथरूण घेऊन बोलाविलें आहे,’ एवढेंच तो मोडक्या हिंदींत म्हणाला. अबी म्हणजे आजी. ‘ले’ हा आदराचा प्रत्यय, आपल्या ‘जी’सारखा. गुरुजींनीं गादीची वळकटी खांद्यावर टाकली आणि ते गेले. त्यानंतरचा सारा हिंवाळा त्यांनीं त्या घरांत काढला.

त्या घराची रचना ऐकण्यासारखी आहे. खालच्या मजल्यांत जनावरें असतात. कुटुंब उन्हाळ्यांत वरच्या मोकळ्या खोल्यांतून राहतें. हिंवाळा आला कीं सारीं माणसें खालच्या अंगास, जाड मातीच्या भिंतींच्या एका ठेंगण्या खोलींत उतरतात. खिडकी नांवाला; मध्यें चूल; शेजारींच गोठा. जनावरांच्या अंगची ऊबहि फुकट जात नाहीं. आठ-दहा माणसें चुलीभोंवतीं वयाच्या मानानें बसतात. सर्वांत वडील माणसाची जागा चुलीला सर्वांत जवळ. गुरुजींना पहिल्या दिवशीं आजोबांच्या शेजारची जागा मिळाली. ‘त्या जागेची किंमत मला दोन वर्षांनीं कळली,’ असें ते मला म्हणाले.

जेवण म्हणजे भाजलेल्या जवाचें पीठ, त्यांत लोण्याचा चहा कालवून केलेला गोळा. रात्रीं वाळल्या भाज्यांचें आणि कणकेच्या तुकड्यांचें दाट सार, त्याला थुक्पा म्हणतात. चहांत साखर नाहीं. मीठ आणि लोणी घालून तो लांकडी नळकांड्यांत घुसळतात. गुरुजींनीं पहिला घोट घेतला आणि चेहरा लपवितां लपवितां पुरेवाट झाली. पण कोरड्या, गोठलेल्या हवेंत शरीराला पाणी, मीठ आणि स्निग्धांश हीं तिन्हीं एकाच पेल्यांत मिळतात, हें त्यांच्या फुटलेल्या ओठांनीं त्यांना आठवड्याभरांत पटवून दिलें. शौचकूपसुद्धां शहाणपणाचा नमुना! वरच्या मजल्यावर एक खोली, तिच्या जमिनीस भोंक, जवळ माती आणि राखेचा ढीग. पाण्याचा थेंब लागत नाहीं, आणि वसंतांत तेंच सर्व खत होऊन शेतावर जातें.

आतां त्या घरानें त्यांना ठेवून घेतलें, तें दयेपोटीं असें कोणी समजूं नये. तेथें कांहीं घराण्यांचा मिळून एक गट असतो, त्याला फासपुन म्हणतात. त्यांचें कुलदैवत एक. जन्म, लग्न आणि मृत्यु या प्रसंगीं सर्वांनीं एकमेकांचें काम उचलावयाचें. जो मुलूख अर्धें वर्ष बर्फाखालीं असतो, तेथें शेजाऱ्याचा विस्तव विझूं देणें म्हणजे स्वतःचा विझविण्याची सुरुवात, ही समजूत लोकांच्या अंगांत मुरलेली आहे. गुरुजींना कुलदैवत नसलें, तरी मुलांना शिकविण्याचें काम होतें. ठरलें असें, कीं शिकवणीला येणाऱ्या प्रत्येक मुलानें रोज एक-एक टोपली जळण आणावें, आणि गुरुजींनीं घरचें पाणी भरावें. पहिल्याच खेपेस ते ओढ्यावर सपशेल आडवे झाले. मुलें पोट धरून हंसलीं, आणि मग त्यांनीं त्यांना चालावयास शिकविलें : बर्फावर पाऊल उचलावयाचें नाहीं, सरकवावयाचें, टांच टेंकावयाची नाहीं, काठीनें पुढचा बर्फ ठोकून त्याचा आवाज ऐकावयाचा. भरीव आवाज आला तर पुढें जावें, पोकळ आला तर थांबावें. ज्या मुलाला वर्गांत सर्वांत ‘ढ’ समजत, तो या विद्येंत सर्वांचा गुरु होता.

श्रोतेहो, येथून पुढची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. शाळेच्या इमारतींत हीं नऊ मुलें मुकीं असत. प्रश्न विचारला कीं खालीं पाहत. इंग्रजी पुस्तकांतील उत्तरें पानेंच्या पानें घडाघड म्हणत. पण मधलाच एखादा शब्द धरून ‘याचा अर्थ काय?’ असें विचारलें, कीं पुन्हां मौन. गुरुजींनीं घरीं लिहिलें होतें, कीं मुलें आज्ञाधारक आहेत, पण बुद्धि बेताची. आतां चुलीभोंवतीं बसल्यावर त्यांनीं पाहिलें, कीं तींच मुलें आजोबांशीं वाद घालतात, कोणत्या कुरणावर कोणतें गवत केव्हां येतें हें सांगतात, कोडीं घालतात, नकला करतात. बुद्धि बेताची नव्हती. तिला शाळेच्या दारांतून आंत येण्यास भाषाच मिळत नव्हती.

हें एका गांवाचें दुखणें नव्हे. लडाखच्या सरकारी शाळांतून बरींच वर्षें अशी पद्धत होती, कीं मूल घरीं लडाखी बोले, शाळेंत आठवीपर्यंत उर्दूंतून शिके, आणि नववीपासून एकदम इंग्रजींत पडे. पुस्तकांतले धडे रेलगाडीचे, पावसाळ्याचे, आंब्याचे. आणि मुलानें यांपैकीं कांहींहि पाहिलेलें नसे. परिणाम व्हावयाचा तोच झाला : त्या काळीं दहावीस बसलेल्या शंभर मुलांतून जेमतेम पांच उत्तीर्ण होत. पंचाण्णव मुलें मंद असतात, असें कोणत्या मुलखांत घडतें? १९८८ सालीं सोनम वांगचुक आणि त्यांच्यासारख्या कांहीं तरुणांनीं, जे स्वतः नुकतेच विद्यार्थिदशेंतून बाहेर पडले होते, हा प्रश्न हातीं घेतला. त्यांची संस्था सेक्मॉल या नांवानें प्रसिद्ध आहे. १९९४ पासून सरकार, गांवकरी आणि ही संस्था यांच्या सहकार्यानें लेहकडील भागांत शाळासुधारणेची मोहीम निघाली : गांवोगांव शिक्षणसमित्या, शिक्षकांचें प्रशिक्षण, लडाखच्या जीवनांतले धडे असलेलीं प्राथमिक पुस्तकें. पुढील पंधरा-वीस वर्षांत उत्तीर्ण होणारांचें प्रमाण निम्म्याच्या वर गेलें. मुलें तींच, डोंगर तेच. बदलली ती शाळा.

पण सुधारणा सर्व गांवीं सारख्या वेगानें पोंचत नाहीं, आणि पुस्तक बदललें तरी शिक्षक परभाषी असेल तर अर्धें काम उरतेंच. आमच्या शिक्षकांनीं तें काम त्या खोलींत सुरू केलें. एक कोरी वही घेतली. दिवसभरांत जो शब्द कानांवर पडेल तो देवनागरींत लिहावयाचा, रात्रीं मुलांनीं तपासावयाचा. चुकला तर मुलें तांबड्या शाईनें दुरुस्त करीत, आणि ही दुरुस्ती करण्यास त्यांच्यांत चढाओढ लागे. मग शिकवणीची तऱ्हा बदलली. गणितांत आगगाडीच्या वेगाऐवजीं जळणाचा हिशेब आला : रोज इतक्या टोपल्या, धाब्यावर इतकी रास, तर ती होळीच्या सुमारापर्यंत पुरेल कीं नाहीं? हें उदाहरण कोणीं चुकविलें नाहीं. कारण त्याचें उत्तर चुकणें परवडणारें नव्हतें.

भूगोलांत सूर्य आला. झंस्कार साडेतेहेतीस अक्षांशांच्या आसपास आहे. त्यामुळें डिसेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यांत भर दुपारींहि सूर्य क्षितिजापासून सुमारें ३३ अंशच वर असतो. जूनमध्यें तोच ८० अंशांवर, जवळ जवळ डोक्यावर येतो. (आपल्या पुण्यांत डिसेंबरांतहि तो ४८ अंशांपर्यंत चढतो.) मुलांनीं अंगणांत काठी रोंवून सांवली मोजली आणि आंकडे आपल्या हातांनीं काढले. मग प्रश्न विचारला : सूर्य इतका खालीं असेल, तर दक्षिणेकडे मोठी कांचेची खिडकी ठेवल्यास काय होईल? ऊन खोलीच्या मागच्या भिंतीपर्यंत शिरेल. जाड मातीची भिंत तें दिवसां शोषून रात्रीं सोडील. आणि उन्हाळ्यांत सूर्य डोक्यावर गेला कीं तीच खिडकी आपोआप सांवलींत येईल. लेहजवळ फे येथें सेक्मॉलनें मातीच्या इमारती याच तत्त्वावर बांधल्या आहेत, आणि कडाक्याच्या थंडींतहि त्या चुलीवांचून राहण्याजोग्या असतात. लडाखांत हिंवाळ्यांतहि स्वच्छ ऊन पुष्कळ असतें. तें ऊन खोलींत कसें बोलवावें, हें मुलांना कळलें, तर सुट्टी थंडीमुळेंच द्यावी लागते हें एक कारण तरी कमी होईल.

अशा हिंवाळ्यांत विद्या होऊं शकते काय? या खोऱ्यानें या प्रश्नाचें उत्तर दोनशें वर्षांपूर्वींच दिलेलें आहे. अलेक्झांडर चोमा द कोरोश हा हंगेरियन विद्वान आपल्या जातीचें मूळ शोधीत १८१९ सालीं घरून निघाला आणि १८२३ मध्यें झंस्कारांतील झांगला या गांवीं येऊन पोंचला. १८२३-२४ चा हिंवाळा त्यानें तेथें सांग्ये फुंत्सोग या लामांपाशीं तिबेटी भाषा शिकण्यांत घालविला. नऊ फूट लांब-रुंद खोली. तींत तो, लामा आणि एक नोकर. तीन-चार महिने बाहेर पडण्याची सोय नाहीं. विस्तव नाहीं, अंधार पडल्यावर दिवा नाहीं. मेंढीच्या कातड्याचा झगा पांघरून सकाळपासून संध्याकाळपर्यंत वाचन. त्या कष्टांतून उभा राहिलेला तिबेटी-इंग्रजी कोश आणि तिबेटी भाषेचें व्याकरण हीं १८३४ सालीं कलकत्त्यास प्रसिद्ध झालीं. आमच्या शिक्षकांनीं झांगलाची वारी केली होती. ते म्हणाले, ‘चोमा चाळिशीच्या उंबरठ्यावर होता, आणि तो विद्यार्थी म्हणून आला होता. मी पंचविशींत मास्तर म्हणून आलों होतों. आमच्यांतला फरक एवढाच, कीं त्याला आपण कोण हें पहिल्या दिवसापासून ठाऊक होतें.’

जानेवारीच्या अखेरीस एके दिवशीं शिकवणीला दोन मुलें आलीं नाहींत. तीं चादरीवर गेलीं होतीं. झंस्कार नदी घळींत गोठते, तेव्हां तिच्यावरील बर्फाच्या थराला चादर म्हणतात. शेंकडों वर्षें हीच हिंवाळ्यांतली वाट. झंस्कारी लोक तिच्यावरून लोणी घेऊन लेहच्या बाजारास जात. पुढें बाप आपल्या मुलांना लेहच्या शाळेंत पोंचविण्यास याच वाटेनें नेऊं लागले. पांच-सहा दिवसांची चाल. रात्रीं कड्यांतल्या गुहांत शेकोटी. कोठें बर्फ फुटलेला असला तर कड्याला चिकटून, नाहींतर गुडघाभर पाण्यांतून जावयाचें. सात-आठ वर्षांचें मूल बापाच्या पाठीवर बसून असें शाळेला निघतें, तेव्हां तो बाप आपल्या गांवच्या शाळेविषयीं एक मत बोलून दाखवीत असतो. गुरुजी मला म्हणाले, ‘तें मत माझ्याविषयीं होतें. इतका धोका पत्करून लोक मुलांना नेतात, तें शाळेची इमारत लहान म्हणून नव्हे. गांवच्या शाळेंत मूल मुकें होतें म्हणून.’

अलीकडे परिस्थिति पालटत चालली आहे. निम्मूहून पदुममार्गें दारच्याला जाणारा २९८ किलोमीटरांचा रस्ता मार्च २०२४ मध्यें जोडला गेला. त्याच वर्षीं जुलैंत शिंकू-ला खिंडीखालील ४.१ किलोमीटर लांबीच्या बोगद्याच्या कामास प्रारंभ झाला. नदीकांठच्या घळींतून मोटार जाऊं लागली, म्हणजे बापाला पोर पाठीवर घेऊन बर्फावरून जावें लागणार नाहीं. अडलेली बाळंतीण वेळेवर दवाखान्यांत पोंचेल. याचें स्वागतच केलें पाहिजे. बाहेरच्यांच्या हौसेसाठीं कोणीं अडचणींत राहावें, असें म्हणण्याचा आपणांस अधिकार नाहीं. मात्र रस्ता दोन्ही बाजूंनीं चालतो. त्यानें शिक्षक सहज येईल, तसाच सहज निघूनहि जाईल. पहिल्या बर्फाबरोबर गांव सोडणें आतां आणखी सोपें होईल. रस्त्यानें शाळेपर्यंतचें अंतर कमी होतें; शिक्षकापासून मुलापर्यंतचें अंतर शिक्षकालाच चालावें लागतें.

हें मी इतक्या खात्रीनें बोलतों, याला कारण आहे, आणि तें सांगितल्यावांचून मला उठतां येणार नाहीं. १९७८ सालीं माझी पहिली नेमणूक सातपुड्यांत, तेव्हांच्या धुळें जिल्ह्यांतील अक्राणी महालांत, एका पाड्यावर झाली. तेथें बर्फ नाहीं; पण डोंगरांतली थंडी अंगावर धड कपडा नसलेल्या मुलांना पुरेशी असते. दुसऱ्या इयत्तेंत एक मुलगा होता. घरीं पावरी बोली, शाळेंत माझी पुस्तकी मराठी. मीं विचारलेल्या प्रश्नाला तो उत्तर देईना. नुसता माझ्या तोंडाकडे पाही. मला तो उद्दामपणा वाटला. मीं त्याच्या तळहातावर छडी मारली. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेंत आला नाहीं. पुढें होळीच्या आधीं भोंगऱ्या बाजारांत तो मला दिसला. त्यानेंच मला ओळखून हात जोडले. त्याच्याबरोबरच्या मोठ्या भावाकडून मला कळलें, कीं त्या दिवशीं मी काय विचारतों आहें, तेंच त्याला समजलें नव्हतें. त्या वेळीं मला त्याच्या बोलींतले दहा शब्दहि येत नव्हते. त्याला माझ्या भाषेंतले पन्नास तरी येत होते. छडी मात्र माझ्या हातांत होती. मी संध्याकाळच्या मोटारीनें दर शनिवारीं तालुक्याच्या गांवीं जात असें. एक रात्र त्याच्या घरच्या शेकोटीपाशीं बसलों असतों, तर ती छडी उठली नसती.

आपल्या श्रोत्यांपैकीं कित्येकांच्या घरचा मुलगा, मुलगी वा सून आज ना उद्यां अशा दूरच्या गांवीं शिक्षक म्हणून जाईल. त्यांच्या सामानांत आपण स्वेटर घालाल, लाडवांचा डबा घालाल. कुकर तर घालाच. त्याबरोबर एक कोरी वहीहि घाला. झंस्कारच्या शिक्षकांनीं मला आपली ती वही दाखविली. पानें चहानें डागळलेलीं, जागोजाग मुलांची तांबडी शाई. पहिल्या पानावर पाणी, शेण आणि बर्फ यांचे शब्द होते. त्याखालीं एक वाक्य दोनदां अधोरेखित केलेलें होतें : ‘हा मा गो’. त्याचा अर्थ ‘मला समजलें नाहीं’. हें वाक्य मुलांनींच त्यांना आधीं शिकविलें होतें. त्या हिंवाळ्यांत तें सर्वांत जास्त वेळां त्यांनीं स्वतःच उच्चारलें. आणि मास्तरांना तें म्हणतां येतें, हें पाहिल्यावर मार्चमध्यें शाळा उघडली, तेव्हां मुलेंहि वर्गांत तें म्हणूं लागलीं.